दहा वर्षांचा अबोला आणि अकरा गाणी

ऑगस्ट २००६. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं टेम्पी हे शहर. डेना वेल्स या तरुणाच्या स्मरणार्थ दरवर्षी होणारी मैफल त्या वर्षी तिथे भरली होती. डेना हा ब्राझीलचा गायक-गिटारवादक मॅक्स कॅव्हलेरा याचा सावत्र मुलगा. १९९६ मध्ये मोटार अपघातात तो गेला. मैफलीत मॅक्सचा 'सोलफ्लाय' हा बँड वाजवत होता, आणि दोन गाण्यांपुरता ड्रम्सवर एक पाहुणा येऊन बसला. हा पाहुणा म्हणजे मॅक्सचा सख्खा धाकटा भाऊ इगोर. दोघं रंगमंचावर एकत्र आले ते जवळपास दहा वर्षांनी, आणि त्या दहा वर्षांत त्यांच्यात साधं बोलणंही उरलं नव्हतं.

'रूट्स ब्लडी रूट्स' आणि 'ॲटिट्यूड' ही ती दोन गाणी. दोन्ही 'सेपुलतुरा' या बँडची. हा बँड दोघा भावांनी शाळकरी वयात उभा केला आणि पुढे एकामागून एक दोघांनीही सोडला. 'ॲटिट्यूड'च्या शब्दांत तर डेनाचाही वाटा होता. ज्याच्या नावाने मैफल भरली होती त्याचंच गाणं वाजवायला भाऊ परत आला, यापेक्षा वेगळ्या समेटाची गरज त्या रात्री कुणाला वाटली असेल असं दिसत नाही.

तिथून दीड वर्षाने, मार्च २००८ मध्ये, दोघांचा नवा अल्बम आला : 'इन्फ्लिक्टेड'. बँडचं नावही आधी हेच ठरलं होतं; कायदेशीर अडचणीमुळे ते बदलून 'कॅव्हलेरा कॉन्स्पिरसी' करावं लागलं. हेवी मेटल म्हणजे नुसता गोंगाट असं ज्यांना वाटतं, त्यांनीही या अल्बमची गोष्ट समजून घ्यावी. घर, मृत्यू, पैसा, मानापमान आणि संगीत यांची इतकी घट्ट गुंतागुंत फार थोड्या तबकड्यांमागे असते.

बेलो होरिझाँटे ही ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्याची राजधानी. लोहखनिजाच्या खाणींचा हा मुलूख. मॅक्सचा जन्म इथला, १९६९ चा. इगोर १९७० चा. दोघांत अंतर तेरा महिन्यांचं. वडील ग्रात्सियानो मूळचे इटलीचे आणि ब्राझीलमधल्या इटालियन वाणिज्य दूतावासात नोकरीला. आई वानिया मॉडेलिंग करायची. १९७९ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने वडील गेले आणि सुस्थितीतलं घर एकाएकी ओढगस्तीला लागलं. १९८१ मध्ये 'क्वीन' हा ब्रिटिश बँड साओ पावलोच्या मोरुम्बी स्टेडियममध्ये वाजवायला आला, तेव्हा ही दोन पोरं गर्दीत होती. पुढच्या काही वर्षांत 'ब्लॅक सॅबथ', 'मोटरहेड', 'व्हेनम' यांच्या तबकड्या घरात वाजू लागल्या. १९८४ मध्ये दोघांनी स्वतःचा बँड काढला. इगोर तेव्हा जेमतेम चौदाचा.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्करी राजवट होती आणि ती १९८५ मध्ये संपली. परदेशी तबकड्या महाग, चांगली वाद्यं त्याहून महाग, भावांचं इंग्रजी तोडकंमोडकं. तरी गाणी इंग्रजीत रचायची आणि जगाला ऐकवायची हा हट्ट. हे सगळं चाललं ते बेलो होरिझाँटेच्या सांता तेरेझा वस्तीत. गायक मिल्टन नासिमेंतो आणि त्याच्या सोबत्यांचं तरल, सुरेल संगीत ज्या गल्ल्यांमध्ये फुललं, त्याच या गल्ल्या. 'कोगुमेलो' या गावातल्याच कंपनीने १९८५ मध्ये 'सेपुलतुरा'ची पहिली तबकडी काढली. तिच्या एका बाजूला ही पोरं होती, दुसऱ्या बाजूला 'ओव्हरडोझ' हा गावातलाच दुसरा बँड. ध्वनिमुद्रण दोन दिवसांत उरकलं होतं. ऐकताना ते जाणवतं, पण वाजवणाऱ्यांची घाईसुद्धा जाणवते, आणि तीच त्या तबकडीची खरी कमाई आहे.

१९८७ मध्ये आंद्रेआस किसर हा गिटारवादक आला आणि बँडच्या वादनाला धार चढली. मग मॅक्सने हवाई कंपनीचा कर्मचारी असल्याची बतावणी करून फुकटात न्यूयॉर्क गाठलं आणि आपल्या गाण्यांचे नमुने तिथल्या कंपन्यांमध्ये वाटले. त्यातून 'रोडरनर' या कंपनीशी करार झाला. १९८८ च्या डिसेंबरात रिओच्या एका स्टुडिओत रात्री-रात्री जागून 'बिनीथ द रिमेन्स' मुद्रित झाला आणि पुढच्याच वर्षी लॅटिन अमेरिकेतला हा बँड युरोपात गाजू लागला. 'अराइज' (१९९१), 'केऑस ए.डी.' (१९९३) आणि 'रूट्स' (१९९६) या पुढच्या तीन अल्बमनी मेटलच्या जगात ब्राझीलचं नाव कायमचं कोरलं.

दोन भावांनी मिळून नेमकं काय घडवलं हे कळायला वाद्यांजवळ जावं लागेल.

गिटारला सहा तारा असतात. मॅक्सच्या गिटारला चारच. वरच्या दोन बारीक तारा त्याने काढूनच टाकल्या. लांबलचक, नक्षीदार एकल वादन त्याला करायचं नव्हतंच. ते काम किसरचं. मॅक्सला हवे होते फक्त जाड तारांचे खर्जातले आघात. तळहाताची कड तारांवर टेकवून तो त्यांचा झणकार दाबतो, त्यामुळे सुरापेक्षा ठोका पुढे येतो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या अशा छोट्या स्वरसमूहाला मेटलमध्ये रिफ म्हणतात. अख्खं गाणं चार-पाच रिफवर उभं राहतं. मॅक्सचे रिफ साधे असतात, एकदा ऐकले की डोक्यातून जात नाहीत, आणि त्यांचा अर्धा प्राण लयीत असतो.

उरलेला अर्धा इगोरच्या हातापायांत. बहुतेक रॉक बँडमध्ये ड्रमवादक बास गिटारचा हात धरून चालतो. इगोर लहानपणापासून भावाच्या उजव्या हाताकडे बघत शिकला. मॅक्सचा हात जिथे पडतो तिथे त्याचा पाय पडतो; मॅक्स जिथे दम घेतो तिथे इगोर पोकळ, घुमणाऱ्या टॉम-टॉमवर छोटी फिरत घेऊन जागा भरतो. पाल्मेइरास या फुटबॉल संघाचा तो कट्टर चाहता. ब्राझीलमध्ये फुटबॉलच्या प्रेक्षागारात ढोलांचे ताफे असतात, सांबाच्या मिरवणुकीत तर शेकडो वादक एका तालात चालतात. हे सगळं कानावर पडत वाढलेला मुलगा थ्रॅश या मेटलच्या वेगवान प्रकारात घुसला, तेव्हा अमेरिकी किंवा जर्मन ड्रमवादकांकडे नसलेला एक झोका त्याच्या हातात आपोआप आला. तबल्याच्या ठेक्यात वादकाचं घराणं ओळखू यावं, तसा इगोरचा ठेका काही क्षणांत ओळखू येतो.

'केऑस ए.डी.'मध्ये ही ताकद पहिल्यांदा पूर्ण उघड झाली. अल्बमची सुरुवात होते ती मॅक्सच्या, तेव्हा अजून जन्माला न आलेल्या मुलाच्या हृदयाच्या ठोक्यांनी, आणि त्यातूनच इगोरचे ढोल वर येतात. याच अल्बममध्ये साओ पावलोच्या कारांदिरू तुरुंगावर एक गाणं आहे. ऑक्टोबर १९९२ मध्ये तिथे पोलिसी कारवाईत १११ कैदी मारले गेले. 'कायोवास' ही शब्दांविना वाजवलेली रचना ब्राझीलमधल्या गुआरानी-कायोवा आदिवासींच्या वेदनेतून आली. 'रूट्स'साठी तर बँड माटो ग्रोसो राज्यात शावांते आदिवासींच्या गावात जाऊन राहिला आणि त्यांचं गायन तिथेच मुद्रित केलं. बाहियाचा तालवादक कार्लिन्योस ब्राऊन त्यात सामील झाला. मेटलने इतर संगीतांकडे दार उघडण्याची ही फार मोठी घटना होती, आणि तिच्या मध्यभागी या दोन भावांची लय होती.

'रूट्स' फेब्रुवारी १९९६ मध्ये बाजारात आला. वर्ष संपायच्या आत सगळं मोडलं.

मॅक्सची पत्नी ग्लोरिया हीच बँडची व्यवस्थापक होती. डेना तिचा मुलगा. त्याच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा बँड इंग्लंडमध्ये, डॉनिंग्टनच्या मोठ्या महोत्सवाच्या तोंडावर होता. मॅक्स आणि ग्लोरिया तातडीने घरी परतले. उरलेल्या तिघांनी त्याच्याशिवाय कार्यक्रम केला. त्यानंतरचे महिने शोक आणि दौरा एकत्रच चालले. डिसेंबरमध्ये ग्लोरियाच्या कराराची मुदत संपत आली, तेव्हा किसर, बासवादक पाउलो ज्युनियर आणि इगोर यांनी तो पुढे चालवायला नकार दिला. तिचं लक्ष एकट्या मॅक्सकडे असतं, ही त्यांची तक्रार. मुलगा जाऊन चार महिने झालेल्या बाईला असं दूर करणं म्हणजे विश्वासघात, हे मॅक्सचं म्हणणं. १६ डिसेंबर १९९६ रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत मॅक्स 'सेपुलतुरा'सोबत शेवटचा गायला.

या भांडणात कोण बरोबर होतं याचा निवाडा करण्यात अर्थ नाही. बँडमधल्या तिघांना व्यवस्थापक बदलण्याचा हक्क होता, आणि त्या वेळी तो बजावणं क्रूर होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. इगोरची जागा सगळ्यांत अवघड. एका बाजूला थोरला भाऊ, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या हाताने उभा केलेला बँड. तो बँडसोबत राहिला. मॅक्सने 'सोलफ्लाय' काढला. १९९८ च्या पहिल्या अल्बममध्ये डेनाचं दुःख जागोजागी आहे. 'सेपुलतुरा'ने क्लीव्हलंडचा डेरिक ग्रीन हा गायक घेतला आणि बँड चालू ठेवला. दोघं भाऊ जगभर तेच महोत्सव, तेच श्रोते यांच्यात फिरत राहिले, एकमेकांना टाळून.

२००६ मध्ये इगोरनेही 'सेपुलतुरा' सोडला. त्याच वर्षी त्याने मॅक्सला फोन केला. पहिलं पाऊल धाकट्याने टाकलं, आणि ते टाकल्यावर उशीर केला नाही. आधी टेम्पीची मैफल, मग नवीन गाणी.

'इन्फ्लिक्टेड'चं ध्वनिमुद्रण २००७ मध्ये लॉस एंजेलिसला झालं. निर्मितीची बाजू मॅक्ससोबत लोगन मेडरने सांभाळली. मेडर हा 'मशीन हेड'चा जुना गिटारवादक. काही काळ तो 'सोलफ्लाय'मध्येही होता. दुसऱ्या गिटारवर 'सोलफ्लाय'चाच मार्क रिझो. आणि बासवर मॅक्सने बोलावलं ते फ्रान्सच्या 'गोजिरा' बँडच्या जो डुप्लांतिएला. जो स्वतःच्या बँडमध्ये गायक आणि गिटारवादक, आणि तिथे त्याचा ड्रमवादक आहे त्याचा सख्खा भाऊ मारिओ. (हाच 'गोजिरा' २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात सेन नदीकाठच्या काँसिएर्जरी या जुन्या कारागृहाच्या सज्ज्यांवर वाजवताना जगाने पाहिला.) भाऊ ड्रम्सवर असला की गिटारला काय बळ मिळतं, हे वेगळं सांगायची गरज नसलेला माणूस मॅक्सने निवडला होता.

अकरा गाणी, सगळी मिळून पाऊण तासाच्या आत. 'रूट्स'सारखे आदिवासी सूर, तालवाद्यांचे ताफे, प्रयोग यांतलं जवळपास काहीच इथे नाही. गाणी सरळ 'अराइज'च्या वळणाची : वेगवान, टोकदार, थेट. 'हेक्स' आणि 'नेव्हरट्रस्ट' तर हार्डकोर पंकच्या धावेने सुटतात. 'सँक्च्युअरी'मध्ये इगोरचा डावा-उजवा पाय आणि मॅक्सचा उजवा हात असे एकजीव होतात की गिटार कुठे थांबली आणि ढोल कुठे सुरू झाला हे वेगळं काढता येत नाही. 'इन्फ्लिक्टेड' या शीर्षकगीतात मॅक्स तोच करतो जे त्याला नेहमी जमलं आहे : एकच शब्द घोषणेसारखा ओरडायचा आणि बाकीचं काम रिफवर सोपवायचं. शब्दांच्या बाजूने अल्बम दुबळा आहे हे मान्य करायला हवं. हिंसा, सूड, रक्त यांची जुनी सामग्री आहे, 'केऑस ए.डी.'मधला समाजाकडे वळलेला डोळा इथे मिटलेला वाटतो. अबोल्याबद्दल, भांडणाबद्दल, समेटाबद्दल ठळक असं गाणंही नाही.

पण सलग ऐकत गेलं की कळतं, त्यांना जे बोलायचं होतं ते शब्दांत बोलायचंच नव्हतं. दहा वर्षांत दोघांची वादनं वेगवेगळ्या दिशांना गेली होती. इगोरने पत्नी लायमा लेटनसोबत 'मिक्सहेल' या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत सुरू केलं होतं; मॅक्स 'सोलफ्लाय'मध्ये एकामागून एक ड्रमवादक बदलत होता. तरी पहिल्याच गाण्यात दोघं असे जुळतात, जणू सराव काल संध्याकाळी थांबला होता. लय सावरताना होणारा किंचितसा तोल, एखादी फिरत अर्धी मात्रा लवकर घेऊन भावाला पुढे ढकलणं, भावाने ते ओळखून पुढच्या वळणाला थांबणं : या गोष्टी वयाच्या चौदाव्या वर्षी एका खोलीत शिकलेल्या असतात आणि दुसऱ्या कुणासोबत तशा येत नाहीत. 'सोलफ्लाय'चे त्या काळातले अल्बम यापेक्षा रंगीत आहेत, 'सेपुलतुरा'चे अधिक महत्त्वाकांक्षी. ही ओढ मात्र दोन्हींकडे हरवली होती.

एका गाण्यावर विशेष थांबावंसं वाटतं. 'अल्ट्रा-व्हायोलंट'मध्ये बास वाजवतो 'पँटेरा'चा रेक्स ब्राऊन. 'पँटेरा' हाही भावांचा बँड : गिटारवर डॅरेल ॲबट, म्हणजे सगळ्यांचा डाइमबॅग, आणि ड्रम्सवर त्याचा थोरला भाऊ विनी पॉल. नव्वदच्या दशकात मेटलच्या गिटारचा आवाज ठरवणारं हे घर. आतल्या कुरबुरींनी तो बँड २००३ मध्ये फुटला. दोघा भावांनी साथ सोडली नाही, नवा बँड काढला, आणि ८ डिसेंबर २००४ रोजी ओहायोतल्या कोलंबस शहरात कार्यक्रम चालू असताना एका माणसाने डाइमबॅगला रंगमंचावरच गोळ्या घातल्या. मागे ड्रम्सवर विनी पॉल बसलेला होता.

रेक्स ब्राऊनने त्या दोन भावांच्या मधोमध उभं राहून वर्षानुवर्षं बास वाजवला होता. आता तो दुसऱ्या दोन भावांसाठी एका गाण्याला आला. मेटलच्या जगात २००८ साली हा अल्बम ज्या कळवळ्याने ऐकला गेला त्यामागे हेही होतं. एक जोडी कायमची तुटून चार वर्षंही झाली नव्हती. दुसरी, जिवंत असूनही तुटलेली, परत जुळली होती. 'ब्लॅक आर्क'मध्ये मॅक्सचा दुसरा सावत्र मुलगा रिची गायला आहे. रिची म्हणजे डेनाचा भाऊ. अल्बममध्ये पाहुणे कलाकार घेणं ही या क्षेत्रातली नित्याची रीत. पण इथे पाहुण्यांची यादी वाचताना घरातल्या माणसांची आणि गेलेल्यांची नोंद वाचल्यासारखं वाटतं.

टीकाकारांपैकी काहींना अल्बम फार साधा वाटला. जुन्या 'सेपुलतुरा'शी तुलना केली तर ते खरंही आहे. 'रूट्स'ने संगीताची हद्द पुढे ढकलली, 'इन्फ्लिक्टेड' मागच्या हद्दीत आनंदाने धावतो. तरीही मॅक्सच्या १९९६ नंतरच्या सगळ्या कामात हा अल्बम पुन्हा पुन्हा काढून ऐकावासा वाटतो तो याच धावण्यासाठी. ज्यांनी मेटल कधीच ऐकलं नाही त्यांनी 'सँक्च्युअरी' लावावं आणि शब्द समजून घेण्याची धडपड न करता पहिलं मिनिटभर फक्त ढोलाकडे कान द्यावा, दुसऱ्या मिनिटात फक्त गिटारकडे. तिसऱ्या मिनिटाला दोन्ही आपोआप एकत्र ऐकू येतात.

'इन्फ्लिक्टेड'नंतर 'ब्लंट फोर्स ट्रॉमा' (२०११), 'पँडेमोनियम' (२०१४) आणि 'सायकोसिस' (२०१७) आले. मधे जोला 'गोजिरा'चं काम वाढल्याने बासवर दुसरी माणसं आली, भाऊ मात्र हलले नाहीत. २०१६ मध्ये 'रूट्स'ला वीस वर्षं झाली तेव्हा दोघांनी तो अख्खा अल्बम घेऊन जगाचा दौरा केला. 'सेपुलतुरा' हे नाव किसर आणि पाउलोकडेच राहिलं. त्या बँडने २०२४ मध्ये निरोपाचा दौरा सुरू केला तोही कॅव्हलेरा भावांशिवाय. त्या बाजूचा अबोला तेव्हाही सुटला नव्हता.

दोघांनी मग वेगळीच वाट काढली. नाव मिळत नसेल, पण गाणी तर आपल्याच हातची. २०२३ मध्ये 'बेस्टियल डिव्हास्टेशन' आणि 'मॉर्बिड व्हिजन्स', आणि २०२४ मध्ये 'स्किझोफ्रेनिया' ही 'सेपुलतुरा'ची पहिली तीन ध्वनिमुद्रणं त्यांनी 'कॅव्हलेरा' या नावाने नव्याने वाजवली. पोरवयात साधनं नव्हती, आता आहेत. वेग मात्र पन्नाशीतही तसाच ठेवला आहे. या नव्या ध्वनिमुद्रणांत बास वाजवतो इगोर अमाडियस, मॅक्सचा मुलगा. 'केऑस ए.डी.'च्या सुरुवातीला ज्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात तो झायॉन हा त्याचा भाऊ, आणि तो 'सोलफ्लाय'मध्ये वडिलांच्या मागे ड्रम्सवर असतो.